बहमनींच्या वाटेवर: दौलताबाद ते अष्टूर

दौलताबादच्या किल्ल्यावर जाणारे लोक चाँदमिनार पाहतात, अंधारी पाहतात आणि दमत-भागत वरच्या बारादरीपर्यंत पोहोचतात. मिनाराजवळच्या खांबांच्या मोठ्या अंगणात, जिथे आज भारतमातेची मूर्ती आहे, तिथे मात्र फार कोणी रेंगाळत नाही. दिल्लीच्या कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, १३१८ साली, जुन्या देवळांचे खांब वापरून ही मशीद उभी केली गेली. ३ ऑगस्ट १३४७ रोजी इथेच हसन नावाच्या सरदाराच्या डोक्यावर छत्र धरलं गेलं. अलाउद्दीन हसन बहमनशहा हे त्याचं नवं नाव. दिल्लीशी नातं तोडून दख्खनमध्ये उभं राहिलेलं हे पहिलं मुसलमानी राज्य पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षं चाललं.

मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला पाच शाह्या पाठ असतात. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही ही नावं एका दमात म्हणता येतात. या पाचही ज्या एका घरातून फुटल्या, त्या घराकडे मात्र आपलं लक्ष एखाद्या ओळीपुरतंच जातं. मराठवाडा, विदर्भ, जुन्नर, कोकणपट्टी हा सगळा मुलूख त्या घराच्या अमलाखाली होता, त्यामुळे हे विस्मरण जास्तच खटकतं. बहमनींची वाट दौलताबादहून गुलबर्ग्याला जाते, तिथून बिदरला आणि बिदरबाहेरच्या अष्टूर गावात थडग्यांच्या रांगेपाशी संपते. राज्य कशानं वाढलं आणि कशानं मोडलं, हे या वाटेवर पायी चालत वाचता येतं.

सुरुवात महंमद तुघलकापासून. १३२७ साली त्यानं देवगिरीला दौलताबाद केलं आणि दिल्लीतली मोठी घराणी, मौलवी, सूफी, सैनिक यांना दक्षिणेत पाठवलं. कवी इसामी त्यावेळी जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर निघालेले नव्वदीतले आजोबा दिल्ली मागे पडताच पहिल्या काही मुक्कामांतच गेले. तुघलकाबद्दलचा इसामीचा राग आयुष्यभर निवला नाही. १३५० साली त्यानं ‘फुतूह-उस-सलातीन’ हा आपला मोठा काव्यग्रंथ पुरा केला, तो दिल्लीच्या गादीला नव्हे, बहमनशहाला अर्पण करून. राजधानी काही वर्षांत दिल्लीला परतली, तरी आलेल्यांपैकी पुष्कळजण इथेच राहिले. त्यांची मुलं इथे जन्मली, इथल्या भाषा बोलू लागली. शंभर-शंभर गावांच्या वसुलीवर नेमलेले ‘अमीरान-ए-सदा’ म्हणजे सदा अमीर त्यांच्यातलेच. तुघलकानं याच अमिरांच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं, माळव्यात धार इथे त्यांच्यापैकी कितीएकांची कत्तल झाली, आणि दौलताबादच्या अमिरांनी बंड केलं. त्यांनी आधी इस्माईल मुख या वयस्क सरदाराला सुलतान केलं. लढाया त्याला झेपेनात, तेव्हा त्यानं स्वतःहून हसनसाठी गादी सोडली. सत्ता अशी शांतपणे सोडण्याचं उदाहरण या घराण्याच्या पुढच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

हसन हा दिल्लीतल्या गंगू नावाच्या ब्राह्मणाचा नोकर होता आणि त्या धन्याच्या आठवणीनं त्यानं ‘बहमनी’ नाव घेतलं, अशी कथा फरिश्ता या इतिहासकारानं नोंदवली आहे. ती आजही सांगितली जाते. आजचे इतिहासकार मात्र ती मानत नाहीत. शिलालेखांत आणि नाण्यांवर तो स्वतःला बहमनशहा म्हणवतो, म्हणजे प्राचीन इराणी वीर बहमन याच्याशी आपलं नातं सांगतो. कथा खोटी असली तरी ती इतकी टिकली, कारण या राज्यात बाहेरचं आणि इथलं किती जवळ राहत होतं हे लोकांना ठाऊक होतं.

नव्या राज्याची राजधानी लगेच गुलबर्ग्याला गेली. तिचं सरकारी नाव अहसनाबाद, आजचं कलबुर्गी. मुंबई-चेन्नई लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हे शहर लागतं. स्टेशनाबाहेर तूरडाळीच्या बाजारपेठेची वर्दळ असते. बुरूज, खंदक आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असा किल्ला शहराला लागूनच आहे.

किल्ल्यात शिरल्यावर जामा मशीद एकदम समोर येते आणि ओळखीच्या मशिदींपेक्षा वेगळी वाटते. मशिदीत सहसा मधे मोकळं अंगण असतं. इथे अंगणच नाही. सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद अशी सगळी जागा छपराखाली, वर घुमटांच्या रांगाच रांगा, कोपऱ्यांवर चार मोठे घुमट आणि मेहराबीवर सगळ्यांत मोठा. कडेच्या कमानी इतक्या रुंद आणि बुटक्या आहेत की त्या जमिनीतूनच उगवल्यासारख्या दिसतात. आत चालताना चुन्याच्या पांढऱ्या खांबांमधून प्रकाश तिरपा येतो आणि कोणत्याही बाजूला पाहिलं तरी कमानींची एक लांबलचक ओळ नजरेला पुढे नेते. शिलालेखात साल १३६७ आणि बांधणाऱ्याचं नाव रफी आहे. गाव त्याचं इराणातलं कझविन. राज्य जन्मून वीस वर्षं होतात न होतात तोच इराणचा स्थपती गुलबर्ग्यात काम करताना दिसतो.

दिल्लीचा रस्ता बहमनींसाठी बंद झाला होता. माणसं, घोडे, पुस्तकं, कसबी कारागीर आणायचे तर समुद्रावाटेच. चौल, दाभोळ आणि गोवा ही बंदरं त्यासाठी प्राणासारखी होती. दुसरा महंमदशहा (१३७८–१३९७) यानं शिराझच्या हाफिजला निमंत्रण धाडलं होतं. फरिश्ता सांगतो की हाफिज होर्मुझला येऊन जहाजात चढलाही, पण वादळ झालं आणि तो उतरून माघारी गेला. सुलतानाला त्यानं एक गझल पाठवली. पुढे फिरोजशहा दरवर्षी गोवा आणि चौल बंदरांतून जहाजं पाठवून विद्वानांना बोलावून घेई.

फिरोजशहा (१३९७–१४२२) हा या घराण्यातला सगळ्यांत कुतूहल वाटावं असा माणूस. त्याला अनेक भाषा येत, खगोलशास्त्राची हौस होती. १४०७ साली त्यानं दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधायला घेतली. जाणकार हकीम हसन गिलानी वारला आणि काम तसंच राहिलं. कारभारात त्यानं ब्राह्मणांना मोठ्या जागा दिल्या. गुलबर्ग्याच्या दक्षिणेला भीमेच्या काठावर फिरोजाबाद वसवलं. त्याची तटबंदी, मशीद आणि राजवाड्याचे अवशेष आज शेतांमधून उभे आहेत. हा गादीवर येण्याआधी, १३९६ पासून, पुढे कित्येक वर्षं महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली, किल्ले स्थानिक पाळेगारांच्या हाती गेले आणि बहमनींचा सह्याद्रीतला अंमल सैल झाला, तो पुढे बराच काळ नीट आवळला गेला नाही.

शहराच्या पूर्वेला हफ्त गुंबज आहेत. फिरोजशहाची इमारत तिथे चटकन ओळखता येते, कारण तिला जोडीनं दोन घुमट आहेत. बाहेरच्या भिंतींवर देवळांतल्यासारखे कोरीव तोडे छज्जा तोलून धरतात आणि आत चुन्याच्या गिलाव्यात इराणी वळणाची वेलबुट्टी आहे. गुलबर्ग्यातला दुसऱ्या कोणत्याही सुलतानाचा मकबरा इतका देखणा नाही. किल्ल्याजवळच्या पहिल्या बहमनशहाच्या बुटक्या, उतरत्या भिंतींच्या तुघलकी मकबऱ्याशी ताडून पाहिलं, की पंचाहत्तर वर्षांत राज्यानं स्वतःचा चेहरा घडवला होता हे पटतं.

फिरोजचा शेवट मात्र वाईट झाला. पानगलच्या वेढ्यात विजयनगरच्या फौजेनं त्याचा दारुण पराभव केला. मन आणि शरीर दोन्ही खचलं. तेवढ्यात गादीचा प्रश्न पुढे आला आणि त्यात गुलबर्ग्यातल्या एका वृद्ध सूफीचं वजन निर्णायक ठरलं. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज बालपणी वडिलांबरोबर दौलताबादला राहिलेले. वडिलांची कबर खुलदाबादेत आहे. पुढचं आयुष्य दिल्लीत गेलं आणि तैमूरच्या स्वारीच्या तोंडावर दिल्ली सोडून ते ऐंशीच्या घरात असताना गुलबर्ग्याला आले. फिरोजशहानं आधी त्यांचं स्वागत केलं, पण दोघांचं पटलं नाही. गेसूदराजांचा आशीर्वाद सुलतानाचा भाऊ अहमद याला मिळाला. १४२२ साली अहमद गादीवर आला, त्याच साली फिरोज गेला आणि त्याच साली ख्वाजाही. त्यांच्या दर्ग्यात आजही हिंदू-मुसलमान दोघांची रीघ असते, आणि उरुसाला महाराष्ट्रातूनही भाविक येतात.

अहमदशहानं काही वर्षांत राजधानी बिदरला हलवली. गुलबर्ग्याहून बिदरला आता हुमनाबादमार्गे रेल्वेही जाते. अंतर सुमारे ११० किलोमीटर, पण जमीन बदलते. काळ्या मातीची सपाटी संपते आणि तांबड्या जांभ्याचं पठार सुरू होतं. कोकणातला माणूस इथे येऊन चमकतो, कारण घरांच्या, विहिरींच्या, तटाच्या भिंतींत तोच छिद्राळ तांबडा दगड असतो. हा दगड बिदरचं भाग्य ठरला. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, खालच्या कठीण काळ्या दगडावर थबकतं आणि तिथे साठतं. हे पाणी शहराकडे आणायला इराणी पद्धतीचे भुयारी कालवे खोदले गेले, त्यांना करेज म्हणतात. नौबाद इथल्या करेजचं भुयार दोन किलोमीटरहून लांब आहे आणि त्यावर ठरावीक अंतरांवर उजेडासाठी, उपशासाठी उभी विवरं आहेत. गाळानं बुजलेल्या या भुयाराची साफसफाई गेल्या दशकात सुरू झाली, तेव्हा कित्येकांना आपल्या पायाखाली काय आहे ते पहिल्यांदा कळलं.

बिदरच्या किल्ल्याचा खंदक एकपदरी नाही. पठाराच्या जांभ्यातच तीन समांतर चर खोदले आणि मधे दगडाच्या भिंती तशाच ठेवल्या. शर्जा दरवाजा, घुमट दरवाजा ओलांडून आत गेलं की एकेक वाडा लागतो. गगन महाल, तर्कश महाल, पडक्या कमानींचा तख्त महाल, आणि १४२३-२४ सालची सोळाखांबी मशीद. पुढे बरीदशाहीत अली बरीदनं सजवलेला रंगीन महाल आहे. काळ्या दगडात शिंपल्याचे चमकदार तुकडे बसवलेली त्याची दारं आणि कोरलेले लाकडी खांब कुलूपबंद असतात. पहारेकऱ्याला विनंती करून महाल उघडून घ्यायलाच हवा.

शहरात बिदरीकामाची दुकानं अजून आहेत. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी खोदून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकतात आणि मग किल्ल्यातली जुनी माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात ते बुडवतात. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी तशीच झळकते. पाऊस-वारा न लागलेल्या जागची मातीच लागते, असं कारागीर सांगतात, आणि हातात घेतलेली चिमूट जिभेवर ठेवून ती पारखतात. ही कलाही इराणी हुन्नर आणि दख्खनी हात यांच्या मेळातून वाढली. २००६ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे.

अहमदशहाच्या काळात मात्र या मेळात पहिली फट पडली. गेसूदराजांच्या आशीर्वादानं गादीवर आलेल्या सुलतानाला आता इराणातल्या किरमानच्या शाह नियामतुल्लांची ओढ लागली. त्यांना त्यानं वारंवार बोलावलं. त्यांनी आधी नातू नूरुल्लाला पाठवलं, आणि १४३१ साली ते वारल्यावर मुलगा खलीलुल्ला बिदरला आला. दरबारात नूरुल्लाचा मान गेसूदराजांच्या घराण्याच्याही वर गेला. शंभर वर्षांपूर्वी उत्तरेतून आलेल्यांचे वंशज आता ‘दखनी’ झाले होते. इथले धर्मांतरित आणि हबशी सरदारही त्यांच्याच बाजूला होते. समुद्रावाटे नव्यानं आलेले इराणी, तुर्क, अरब हे ‘आफाकी’, म्हणजे परदेशी. एकाला वाटे, आम्ही रक्त सांडून राज्य उभं केलं आणि मलई हे खातात. दुसऱ्याला वाटे, आमच्या अकलेशिवाय यांचं पान हलत नाही.

पुढचा सुलतान अलाउद्दीन अहमदशहा (१४३६–१४५८) यानं या भांडणाला दरबारात जागाच आखून दिली. खानदेशच्या फारुकींवर खलफ हसन बसरी या आफाकी सरदारानं केवळ परदेशी शिपाई घेऊन विजय मिळवला, तेव्हा खूश होऊन त्यानं हुकूम काढला: दरबारात आफाकी उजव्या हाताला उभे राहतील, दखनी आणि हबशी डाव्या हाताला. याच सुलतानानं बिदरमध्ये गरिबांसाठी दवाखाना बांधला आणि त्याच्या खर्चासाठी गावं लावून दिली. दौलताबादचा चाँदमिनार याच्याच काळातला. माणूस वाईट नव्हता, पण डाव्या-उजव्याच्या त्या ओळींनी राज्याचे दोन तुकडे करून ठेवले.

त्याचा रक्तरंजित हिशेब मराठी मुलखात झाला. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला. पंधराव्या शतकाच्या मध्यावर खलफ हसन कोकण जिंकायला निघाला. शिर्के नावाच्या स्थानिक सरदारानं त्याला असं पटवलं की, आधी खेळण्याचा (आजचा विशाळगड) राजा वाकवा, मी वाट दाखवतो. त्यानं फौज घनदाट जंगलात नेली. तिथे रात्रीच्या अंधारात खलफ हसन आणि त्याची माणसं कापली गेली. वाचलेले परदेशी कसेबसे चाकणच्या कोटात पोहोचले. दखनी सरदारांनी बिदरला कळवलं की हे लोक फितूर झाले आहेत. सुलतानाच्या परवानगीनं कोटाला वेढा पडला आणि शेवटी अभयाचं वचन देऊन, जेवायला बोलावून, त्यांची कत्तल झाली. मेलेल्यांत सय्यद घराण्यांतले पुष्कळ होते. निसटलेल्या कासिम बेगनं बिदर गाठून खरी हकीकत सांगितली तेव्हा सुलतानानं दोषींना शिक्षा केल्या. पण चाकण कोणी विसरलं नाही. चाकणचा भुईकोट पाहायला जाणाऱ्याला फिरंगोजी नरसाळा आठवतो आणि तो आठवायलाच हवा. दोनशे वर्षांआधी याच भिंतींच्या आत बहमनी राज्याचा कणा मोडला होता, हेही तिथे सांगितलं जावं.

या तुटत्या राज्याला सांधणारा माणूस त्याच सुमारास दाभोळला उतरला. इराणच्या गिलान प्रांतातला हा व्यापारी, महमूद गवान, १४५३ च्या सुमारास बिदरला आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. व्यापारासाठी आलेला राहिला, आणि नंतरच्या सुलतान हुमायूनशहाच्या काळात मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, झाला. १४६३ साली नऊ-दहा वर्षांचा तिसरा महंमदशहा गादीवर आला. राजमाता मखदूमा-ए-जहान नर्गिस बेगम हिच्या देखरेखीखाली गवाननं कारभार हाती घेतला. १४६९ ते १४७२ या मोहिमेत त्यानं संगमेश्वर आणि खेळणा घेतले, नंतर गोवा. घोड्यांची बंदरं सुरक्षित झाली. चार तरफांचे, म्हणजे सुभ्यांचे, त्यानं आठ केले. दौलताबादमधून जुन्नर वेगळं झालं, वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला, बाकीचे थेट सुलतानाकडे. जमिनीची मोजणी सुरू झाली. नेमणुका करताना दखनी आणि आफाकी यांचा समतोल त्यानं कसोशीनं राखला.

याच वर्षांत अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, तरच परत देईन, असं बजावलं. एका खुरासानी गृहस्थानं मधे पडून त्याला सोडवलं. निकितिन पुढे बिदरला गेला, तिथे तो घोडा विकला, सुलतानाच्या मिरवणुका पाहिल्या. चांदीच्या पालख्यांतून फिरणारे सरदार आणि हलाखीत जगणारी खेड्यातली रयत, दोन्ही त्यानं लिहून ठेवलं. बिदरच्या वैभवाबद्दल लिहिणाऱ्या दरबारी इतिहासकारांनी ही दुसरी बाजू क्वचितच लिहिली. ती एका परक्या घोडेव्यापाऱ्याला दिसली, म्हणून आज आपल्या हाती आहे. निकितिनची परतीची वाटही दाभोळवरूनच गेली.

गवानचा मदरसा बिदर शहराच्या मधोमध आहे. १४७२ साली पुरा झालेला, तीन मजली, चारी बाजूंनी खोल्या, वर्ग, मशीद, ग्रंथालय. त्यात तीन हजार पुस्तकं होती असं फरिश्ता नोंदवतो. रस्त्याच्या अंगाला शंभर फुटांहून उंच एकच मिनार उरला आहे. त्यावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चिनी मातीच्या फरशांचे नागमोडी पट्टे अजून रंग धरून आहेत. भिंतीच्या माथ्यावर कुराणातल्या आयतींची मोठी अक्षरं फरशांतच घडवलेली आहेत. दुसरा मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा १६९६ साली गेला. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा साठवला होता, त्यावर वीज पडली. समरकंद-हेरातला शोभावी अशी ही इमारत जांभ्याच्या गावात उभी आहे, आणि तिच्यापुढे उभं राहिलं की एका व्यापाऱ्याची विद्येवरची श्रद्धा समजते.

गवानचे शत्रू गप्प बसले नव्हते. तरफदारांचे किल्ले गेले होते, हात आखडले होते. दखन्यांचा म्होरक्या निजाम-उल-मुल्क मलिक हसन याच्या गोटातून डाव शिजला. गवानच्या शिक्क्याच्या कारकुनाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारं पत्र लिहिलं आणि ते नशेत असलेल्या सुलतानापुढे ठेवलं. शिक्का माझा, अक्षर माझं नाही, एवढंच गवान म्हणाला. ५ एप्रिल १४८१ रोजी, कोंडापल्लीच्या छावणीत, सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. खजिना जप्त करायला गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. स्वतःसाठी तो मातीच्या भांड्यात शिजवी आणि चटईवर झोपे, बाकीचं गरिबांना जाई. सुलतानाला खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता. वर्षभरात तोही दारूत बुडून मेला.

मग राज्य धडाधड कोसळलं. पुढचा सुलतान महमूदशहा बारा वर्षांचा पोर. १४८६ साली मलिक हसनचाच खून झाला. वर्षभरात दखनी-हबशींनी सुलतानावर राजवाड्यात हल्ला केला आणि उलट सूड म्हणून बिदरच्या रस्त्यांवर कत्तल झाली. १४९० मध्ये मलिक हसनच्या मुलानं, मलिक अहमदनं, जुन्नरहून आपलं राज्य पुकारलं आणि अहमदनगर वसवलं. विजापुरात गवानच्या हाताखाली वाढलेला युसुफ आदिल, वऱ्हाडात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, पुढे गोवळकोंड्यात हमदानचा कुली. खुद्द बिदरमध्ये कासिम बरीद. या पाचांत दोघं, मलिक अहमद आणि फतहुल्ला, हिंदू वंशातून आलेले दखनी, आणि तिघं परदेशी. दरबारातली डावी-उजवी ओळ नकाशावर आली, ती अशी.

अष्टूर बिदरपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. वाटेत खलीलुल्लाची चौखंडी लागते, अष्टकोनी, काळ्या दगडाच्या कोरीव चौकटींची. पुढे शेतांच्या कडेला सुलतानांचे घुमट ओळीनं उभे. अहमदशहाच्या मकबऱ्यात अंधार असतो. राखणदार दारातल्या उन्हाचा कवडसा आरशानं आत फेकतो, आणि छताचं आकाश उजळतं. शेंदरी, निळा, सोनेरी रंगांत गुंफलेली फारसी अक्षरं आणि वेली आहेत. त्यात किरमानच्या शाह नियामतुल्लांच्या रचना आहेत. सहाशे वर्षांनंतरही रंग असे आहेत की आरसा हलू नये असं वाटतं. या सुलतानाच्या प्रार्थनेनं दुष्काळात पाऊस पडला अशी कथा आहे, म्हणून तो ‘वली’. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूचा अवतार मानतात. होळीनंतर त्याचा उरूस भरतो तेव्हा गुलबर्गा भागातल्या माड्याळ गावचा जंगम शंख वाजवत येतो आणि थडग्यावर फुलं वाहतो. बहमनींच्या घरातलं भांडण मिटलं नाही, पण त्यांच्या एका कबरीपाशी गावांनी आपला तोडगा काढला आणि तो टिकवला.

शेजारी अलाउद्दीनच्या मकबऱ्यावर निळ्या फरशांचे अवशेष आहेत. ‘जालीम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या हुमायूनचा घुमट विजेनं चिरला आहे. अर्धाच उरल्यामुळे त्याच्या जाडीतली रचना उघडी दिसते. नंतरच्या सुलतानांची थडगी लहान होत जातात. शेवटचा कलीमुल्ला बरीदांच्या कैदेतून सुटायला धडपडला. त्यानं बाबराला मदतीसाठी लिहिलं, बदल्यात दौलताबाद आणि वऱ्हाड देऊ केलं. ते द्यायला त्याच्या हातात नव्हतंच. तो विजापूरला पळाला, तिथून अहमदनगरला गेला, आणि आपल्या घराण्याच्या एका सरदाराच्या मुलानं वसवलेल्या त्या शहरात १५३८ साली मेला.

महमूद गवानची कबर शहराबाहेर आहे. तिच्यावर घुमट नाही, फारसा कोणी जातही नाही. बिदर जिल्हा १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांसकट एकच होता. आजही भालकी, औरादच्या बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. दामाजीपंतांच्या कथेतला बादशहा बेदरचाच. हे ठिकाण आपल्याला परकं असण्याचं काहीच कारण नाही. मुंबईहून लातूर-उदगीरमार्गे बिदरला थेट गाडी आहे. एका दिवसात उरकायचा बेत करू नका. किल्ल्याला एक अख्खा दिवस द्या, अष्टूरला ऊन वर चढल्यावर जा म्हणजे छतावरचे रंग दिसतील, आणि परतण्याआधी गवानच्या कबरीपाशी थोडा वेळ थांबा.